लखोट्यावरील नांव

सन १९८४ च्या १ एप्रिल रोजीं युरोप-अमेरिकेंतील अनेक विद्यापीठांच्या संगणकांवर एक विलक्षण पत्र झळकलें. त्या काळीं ‘यूजनेट’ नांवाचा एक जाहीर पत्रफलक एका संगणकावरून दुसऱ्यावर असा फिरत असे; त्यावर कोणींहि लिहावें व सर्वांनीं वाचावें, असा तो प्रकार होता. या पत्राखालीं नांव होतें कॉन्स्टान्टिन चेर्नेंको यांचें. हे गृहस्थ त्याच वर्षीच्या फेब्रुवारींत सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले होते. सोव्हिएत संघ या पत्रफलकांत सामील होत आहे, अशी मैत्रीची घोषणा पत्रांत होती, आणि प्रेषकाच्या जागीं ‘क्रेमव्हॅक्स’ नांवाच्या संगणकाचा पत्ता होता. पुष्कळांस तें खरें वाटलें. वस्तुतः असा संगणक जगांत कोठेंच नव्हता. ॲम्स्टरडॅम येथील गणितसंस्थेंत काम करणाऱ्या पीट बेर्तेमा यांनीं एप्रिल-फूल म्हणून केलेली ती थट्टा होती.

थट्टेची पुढची हकीगत मात्र अधिक बोधप्रद आहे. १९९० सालीं मॉस्कोंतील एक खरीखुरी संस्था या जाळ्याशीं जोडली गेली, तेव्हां तिच्याकडून येणारीं खरीं पत्रें पाहून कित्येकांस हाहि कोणाचा तरी जुनाच विनोद असावा असें वाटलें. तेथून नेहमीं लिहिणारे वादिम आन्तोनोव्ह यांनीं तर आपण खोटेच आहोंत असें सांगून भोळ्या वाचकांची थट्टाहि केली. अखेर त्यांनीं आपल्याकडील एका संगणकाचें नांवच क्रेमव्हॅक्स ठेवून टाकलें! खोट्या नांवाचें एक पत्र खपून गेलें म्हणजे त्या नांवाच्या खऱ्या पत्राचीहि पत कशी जाते, याचें हें एक ठळक उदाहरण होय.

परंतु ॲम्स्टरडॅममध्यें बसलेल्या माणसास मॉस्कोंतील सत्ताधीशाच्या नांवानें लिहितां आलें तरी कसें? उत्तर साधें आहे. त्यास कोणीं विचारलेंच नाहीं.

संगणकीय टपालाची, म्हणजे ज्यास आज लहानथोर सर्व ई-मेल म्हणतात त्याची, उभारणीच मुळीं ओळखीच्या माणसांत झाली. १९७१ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज या गांवीं रे टॉमलिन्सन यांनीं शेजारीं शेजारीं ठेवलेल्या दोन संगणकांमध्यें जाळ्याच्या द्वारें एक निरोप धाडला, आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्या मध्यें घालण्यासाठीं आज सर्वपरिचित असलेलें ‘ॲट’ हें चिन्ह निवडलें. पुढें दहा वर्षें हें टपाल वाढत गेलें, तरी १९८२ च्या सुमारास त्या जाळ्यावर दोन-अडीचशेंच संगणक होते. प्रत्येक संगणकामागें एक ज्ञात संस्था, आणि संस्थेमागें दूरध्वनीवर बोलावतां येईल असा एक माणूस असे. चार घरांच्या वाड्यांत दाराला कुलूप घालण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं, तशीच ही स्थिति होती.

त्या १९८२ सालच्या ऑगस्टांत दोन नियमपत्रिका प्रसिद्ध झाल्या. पहिली, ८२१ क्रमांकाची, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील जॉन पोस्टेल यांची. टपालाची नेआण कशी व्हावी हें ती सांगते. दुसरी, ८२२ क्रमांकाची, डेलावेअर विद्यापीठांतील डेव्हिड क्रॉकर यांची; पत्राचा मायना कसा असावा हें ती सांगते. एक लखोट्याची, दुसरी आंतील कागदाची. ही गोष्ट येथें नीट ध्यानीं घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व घोटाळा या एका भेदांतून उद्भवला.

नेआणीचा विधि असा. पत्र घेऊन येणारा संगणक दुसऱ्याच्या दारीं येऊन प्रथम ‘हेलो’ म्हणून आपलें नांव सांगतो. मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून लखोट्यावरील प्रेषकाचें नांव सांगतो. त्यानंतर ‘आर्सीपीटी टू’ म्हणून पत्र कोणास द्यावयाचें तें सांगतो. दारावरचा संगणक दर वाक्यास २५० हा आंकडा उच्चारतो. त्याचा अर्थ ‘ठीक’ असा. शेवटीं ‘डेटा’ हा शब्द उच्चारून पत्राचा कागद आंत सरकविला जातो. त्या कागदावर पुन्हां एक ‘फ्रॉम’ची ओळ असते, आणि वाचणाऱ्याच्या पडद्यावर दिसते ती हीच ओळ. लखोट्यावर एक नांव व कागदावर दुसरेंच नांव असलें, तरी नियमांत त्यास आडकाठी नव्हती. दोन्ही नांवें खोटीं असलीं तरीहि नव्हती.

यास त्या कर्त्यांचा गलथानपणा म्हणणें अन्यायाचें होईल. टपाल भरंवशानें व कार्यक्षमतेनें पोंचावें, हा आपला हेतु पोस्टेल यांनीं प्रारंभींच सांगितला आहे. भरंवसा म्हणजे वाटेंत पत्र गहाळ होऊं नये एवढाच त्यांचा अर्थ होता. शिवाय साहेबाच्या वतीनें चिटणिसानें पत्र धाडावें, एखाद्या मंडळाचें पत्र मंडळाच्या सर्व्हरनें सभासदांस वांटावें, गांव सोडून गेलेल्याचें पत्र नव्या पत्त्यावर वळवावें, या सर्व प्रामाणिक व्यवहारांत लखोट्यावरील नांव व कागदावरील नांव भिन्न असूं शकतें. या सोयीच्या वाटेनेंच पुढें तोतया आंत शिरला.

१९९० नंतर व्यापारी मंडळी या जाळ्यांत आली आणि वाड्याचें शहर झालें. त्या काळचे बहुतेक सर्व्हर कोणाचेंहि पत्र कोणाकडेहि पोंचवून देत. तो शेजारधर्म समजला जाई. जाहिरातवाल्यांनीं याच शेजारधर्मावर आपलें दुकान मांडलें. आपलें नांव घातल्यास शिव्या आपल्याच दारीं येणार, म्हणून ते दुसऱ्याचें नांव घालूं लागले. टेक्सस संस्थानांतील ऑस्टिन येथें एका बाईंच्या मालकीचें ‘फ्लॉवर्स डॉट कॉम’ हें नांव होतें. १९९७ सालीं एका जाहिरातवाल्यानें तेंच नांव परतीचा पत्ता म्हणून घालून ढीगभर पत्रें सोडलीं. जीं पोंचलीं नाहींत तीं सारीं उलट येऊन बाईंच्या सर्व्हरवर आदळलीं, आणि ज्यांना पोंचलीं त्यांचा संतापहि बाईंच्याच वांट्यास आला. न्यायालयानें त्याच वर्षीं बाईंच्या बाजूनें निकाल देऊन नुकसानभरपाई देवविली. पत्राच्या मायन्यांत खोटी माहिती घालणें हा गुन्हा ठरविणारा सर्वराष्ट्रीय कायदा अमेरिकेंत व्हावयास मात्र २००३ चा डिसेंबर उजाडला.

यंत्रांचा बंदोबस्त कायद्याच्या आधीं सुरू झाला होता. १९९८ च्या सुमारास सेंडमेल या सर्वाधिक वापरांतील टपाल-प्रणालीनें परक्याचीं पत्रें पुढें धाडणें आपण होऊन बंद केलें. १९९९ च्या मार्चमध्यें सर्व्हरकडे पत्र सोपविण्यापूर्वीं परवलीचा शब्द सांगण्याची रीत नियमबद्ध झाली. येथून कंपनीच्या सर्व्हरचे दोन दरवाजे झाले: एक घरच्या माणसांचा, परवलीचा; दुसरा परगांवच्या टपालाचा, सर्वांस खुला. पहिल्या दरवाजावर ओळख विचारली जाऊं लागली. दुसऱ्यावर ती विचारणें शक्यच नव्हतें, कारण जगांतील प्रत्येक अनोळखी सर्व्हरास परवलीचा शब्द देणार कोण?

आणि कंपनीच्या व्यवस्थापकांची खरी फसगत येथेंच झाली. परवल आली, आतां आपल्या नांवाचें खोटें पत्र येणार नाहीं, असें पुष्कळांस वाटलें. प्रत्यक्षांत खुल्या दरवाजानें एखादा परका येई व लखोट्यावर कंपनीच्याच मालकाचें नांव सांगे. आणि पत्र कंपनीच्याच हिशेबनिसास द्यावयाचें असल्यानें सर्व्हर तें बिनतक्रार आंत घेई. रस्त्यावरून आलेला इसम ‘मी या घरचाच वडील मुलगा’ असें सांगतो आणि देवडीवरचा पहारेकरी त्यास मुजरा करून आंत सोडतो, असा हा मासला! घरच्या दरवाजांतहि भोंक होतेंच. परवल बरोबर सांगणारा कारकून लखोट्यावर आपल्या वरिष्ठाचें नांव घालूं शके. कारण परवल ‘तूं घरचा आहेस काय’ एवढेंच विचारी, ‘तूं जें नांव सांगतोस तोच आहेस काय’ हें विचारीत नसे. व्हिट्झे व्हेनेमा यांनीं १९९८ च्या अखेरीस सर्वांस खुल्या केलेल्या पोस्टफिक्स या प्रणालींत पुढें यासाठीं एक यादी ठेवण्याची सोय झाली: कोणत्या परवलीच्या माणसास कोणते पत्ते वापरण्याची मुभा आहे, याची ती यादी होय. यादीबाहेरचें नांव लखोट्यावर आलें कीं पत्र परत. परंतु ही तपासणीहि लखोट्याची. आंतील कागदावर काय लिहिलें आहे, याची विचारपूस तींत नाहीं.

परक्यानें आपलें नांव सांगितल्यास सरळ हांकलून द्यावें, हा उपाय कोणासहि सुचेल, आणि अनेक व्यवस्थापकांनीं तो केलाहि. मग दुसऱ्या दिवशीं तक्रारी येत. पगारपत्रकें काढणाऱ्या बाहेरच्या पेढीस कंपनीच्या नांवानें पत्रें पाठविण्याचा अधिकार कंपनीनेंच दिलेला असे, तीं अडलीं. तिसऱ्या मजल्यावरील नकला काढणारें यंत्र कागदाचें चित्र कंपनीच्या पत्त्यावरून पाठवी, आणि त्यास परवल शिकविलेली नसे, तेंहि अडलें. एखादा नोकर बाहेरच्या अभ्यासमंडळाचा सभासद असे, त्यानें मंडळास लिहिलेलें पत्र मंडळाच्या सर्व्हरावरून फिरून त्याच्या सहकाऱ्यास परत येई, तेव्हां मायन्यावर नांव घरचें व येणारा परका, तेंहि अडलें. आपल्या नांवानें जगांत कोण कोण पत्रें धाडतो, याची मोजदाद कंपनीनें पूर्वीं कधींच केलेली नव्हती. तोतयाच्या शोधास निघालेल्या व्यवस्थापकास प्रथम आपल्याच घरच्या माणसांची खानेसुमारी करावी लागली.

तेव्हां पुढचें पाऊल पडलें तें याच दिशेनें. पत्र पाहून खरेंखोटें ठरविण्यापेक्षां ज्याचें नांव त्यालाच विचारावें, ही कल्पना पॉल व्हिक्सी यांनीं २००२ सालीं एका लहानशा टिपणांत मांडली. जर्मनींतील हादमुट डानिश यांनींहि तशीच योजना केली. जाळ्यावरील प्रत्येक नांवाची जाहीर नोंदवही १९८३ पासून पॉल मोकापेट्रिस यांच्या रचनेप्रमाणें चालत आलीच होती. त्या वहींत नांवाच्या मालकानें एक ओळ लिहून ठेवावी कीं, माझें टपाल अमुक अमुक यंत्रांवरूनच निघतें. पत्र घेणाऱ्यानें वही उघडावी व दारीं आलेलें यंत्र त्या यादींत आहे कीं नाहीं तें पाहावें. मेंग वेंग वाँग यांनीं २००३ सालीं या कल्पनांस एकत्र आणून एस्. पी. एफ्. ही पद्धति सिद्ध केली. ओळीच्या शेवटीं एक चिन्ह असतें: उणें चिन्ह घातल्यास ‘यादीबाहेरचें पत्र माझें नव्हे’, आणि लहरीसारखें चिन्ह घातल्यास ‘बहुधा माझें नसावें’. बहुतेकांनीं दुसरें चिन्ह घातलें. आपल्याच घरची खानेसुमारी पुरी झाली आहे, अशी खात्री फार थोड्यांस होती.

२००४ सालीं मायक्रोसॉफ्टच्या योजनेशीं या पद्धतीचा मिलाफ करण्याचा घाट घातला गेला. एकस्व-हक्कांच्या अटींवरून मुक्त प्रणाली लिहिणाऱ्या संस्था बिथरल्या, आणि मार्चांत नेमलेलें मंडळ सप्टेंबरांत मोडलें. एस्. पी. एफ्. ला २००६ सालीं प्रायोगिक व २०१४ सालीं पक्की मान्यता मिळाली. तींत दोन उणिवा राहिल्याच. वळविलेलें पत्र तिसऱ्याच यंत्रावरून येतें, म्हणून खरें असूनहि खोटें ठरतें; आणि तपासणी पुन्हां लखोट्याचीच.

आंतील कागदाकडे वळले ते याहू कंपनीचे मार्क डेलनी. त्यांची व सिस्को कंपनीची अशा दोन योजनांच्या मिलाफांतून २००७ सालीं डीकिम ही पद्धति प्रसिद्ध झाली. पाठविणारा सर्व्हर पत्राच्या मायन्यावर व मजकुरावर गणिताच्या साह्यानें एक मुद्रा उठवितो. मुद्रा उठविण्याची किल्ली गुप्त, पारखण्याची किल्ली त्याच जाहीर नोंदवहींत. ‘ध’ चा ‘मा’ केल्याची आख्यायिका ज्यांनीं ऐकली आहे त्यांस हिचें महत्त्व सांगावयास नको. एक अक्षर बदललें तरी मुद्रा जुळत नाहीं. गमतीची गोष्ट अशी कीं, मजकुराच्या अमुक अक्षरांपर्यंतच ही मुद्रा समजावी, अशी एक मुभाहि या पद्धतींत ठेविली गेली. त्यापुढें कोणीं कांहीं जोडलें तरी मुद्रा खरीच ठरते! शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हा मोर्तबाचा शिक्का कां असे, हें ज्यास ठाऊक आहे असा एखादा जुना कारकून त्या सभेंत बसावयास हवा होता.

मुद्रा कितीहि चांगली असली तरी किल्ली भक्कम हवी. २०११ सालीं फ्लॉरिडांतील गणितज्ञ झॅकरी हॅरिस यांस गूगल कंपनीकडून नोकरीविषयीं विचारणा करणारें एक पत्र आलें. पत्र खरें कीं खोटें तें पाहण्यासाठीं त्यांनीं मुद्रा तपासली, तेव्हां ती अवघ्या ५१२ बिटांच्या किल्लीनें उठविलेली आढळली. तेवढी किल्ली फोडतां येते हें १९९९ सालींच सिद्ध झालें होतें, आणि १०२४ बिटांहून लहान किल्ली नित्याच्या कामीं वापरूं नये असा नियमहि होता. उमेदवाराची परीक्षा घेण्यासाठीं मुद्दाम ठेवलेलें हें कोडें असावें, असा त्यांचा समज झाला. त्यांनीं भाड्याच्या संगणकांवर सुमारें ७५ डॉलर खर्चून ती किल्ली फोडली, आणि गूगलचे एक संस्थापक सर्गे ब्रिन यांच्या नांवानें दुसरे संस्थापक लॅरी पेज यांस पत्र धाडलें! उत्तर आलें नाहीं. दोन दिवसांनीं पाहतात तों कंपनीची किल्ली २०४८ बिटांची झालेली. तें कोडें नव्हतें, ती चूक होती.

इतकें होऊनहि मूळ छिद्र उघडेंच होतें. लखोट्याची तपासणी एका नांवाची, मुद्रा दुसऱ्या नांवाची, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तिसरेंच नांव, असें घडूं शकत होतें. तोतयानें स्वतःच्या मालकीच्या एखाद्या नांवाचा लखोटा करावा, त्याच नांवाची अस्सल मुद्रा उठवावी, आणि कागदावर मात्र बँकेचें नांव लिहावें; दोन्ही परीक्षा उत्तीर्ण! हें छिद्र बुजविण्यासाठीं पेपॅल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू इत्यादि कंपन्यांनीं एकत्र येऊन २०१२ च्या जानेवारींत डीमार्क ही पद्धति जाहीर केली. तिचें मर्म एका वाक्यांत येतें: कागदावर डोळ्यांस दिसणारें नांव व परीक्षेस उतरलेलें नांव एकाच घरचें असलें पाहिजे. नसल्यास काय करावें हेंहि मालकानेंच नोंदवहींत सांगावयाचें: कांहीं करूं नका, बाजूस ठेवा, अथवा परत फिरवा. आणि आपल्या नांवानें कोणकोणत्या यंत्रांवरून पत्रें आलीं याचा अहवाल घेणारे सर्व्हर मालकास पाठवितात. ज्या खानेसुमारीवांचून व्यवस्थापक इतकीं वर्षें अडून बसले होते, ती अशी आयती हातीं आली. तीस वर्षांपूर्वीं वेगळा पडलेला लखोटा व कागद येथें प्रथमच एकमेकांस जोडले गेले.

२०१४ च्या एप्रिलांत याहूनें आपल्या सामान्य वापरणाऱ्यांच्या नांवांसहि ‘परत फिरवा’ हा हुकूम लावला, कारण त्यांच्या नांवानें खोट्या पत्रांचा पूर आला होता. पूर ओसरला, पण जगभरच्या अभ्यासमंडळांचीं पत्रें कोलमडलीं. मंडळाचा सर्व्हर विषयापुढें मंडळाचें नांव घाली, तळाशीं दोन ओळी जोडी, त्यामुळें मुद्रा मोडे. आणि निरपराध सभासदांचीं पत्रें दारोदार परत फिरत. तोतयासाठीं बांधलेल्या भिंतीवर प्रथम डोकें आपटलें तें घरच्याच माणसांचें. तरीहि वाट तीच राहिली. २०१७ च्या ऑक्टोबरांत अमेरिकन सरकारनें आपल्या मुलकी खात्यांस वर्षाच्या आंत हाच कडक हुकूम लावण्यास फर्माविलें, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून दिवसाकांठीं पांच हजारांहून अधिक पत्रें धाडणाऱ्यांनीं डीमार्कची नोंद केल्यावांचून गूगल व याहू त्यांचीं पत्रें सुखासुखीं घेईनासे झाले.

हा सारा खटाटोप कशासाठीं, तें कंपन्यांच्या हिशेबवह्यांत दिसतें. युबिक्विटी नेटवर्क्स या अमेरिकन कंपनीनें २०१५ सालीं जाहीर केलें कीं, कर्मचाऱ्याचें सोंग घेऊन आलेल्या खोट्या मागण्यांस भुलून आपल्या हाँगकाँगच्या शाखेंतून ४ कोटी ६७ लक्ष डॉलर परक्यांच्या खात्यांत गेले; त्यांतील ८१ लक्षच तोंवर परत मिळाले होते. कंपन्यांच्या नांवानें होणाऱ्या अशा पत्रफसवणुकीचा अमेरिकेच्या तपासखात्याकडे नोंदलेला २०२३ चा आंकडा सुमारें २९० कोटी डॉलर आहे. त्यांत चोरलेल्या परवलीचीहि प्रकरणें आहेत, सर्वच खोट्या नांवाचीं नव्हेत. पण पैसे देणारा हिशेबनीस प्रत्येकांत सारखाच, साहेबाचा हुकूम तत्परतेनें पाळणारा, आणि मागाहून चौकशीस प्रथम उभा राहणारा.

मुंबईसहि हा अनुभव आला आहे. २०१६ च्या जुलैमध्यें युनियन बँकेच्या एका कर्मचाऱ्यानें रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखें भासणारें एक पत्र उघडलें, आणि त्यांतून शिरलेल्या चोरांनीं १७ कोटी १० लक्ष डॉलर परदेशीं हलविण्याचे हुकूम सोडले, असा वृत्तान्त वृत्तपत्रांत आला. बँकेनें वेळींच माग काढल्यानें रक्कम बचावली. २०२५ च्या फेब्रुवारींत रिझर्व्ह बँकेनें भारतीय बँकांसाठीं ‘बँक डॉट इन’ हें स्वतंत्र कुलनाम जाहीर केलें, व ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनीं त्यांत यावें असें ठरविलें. त्याचें प्रयोजन डीमार्कनेंहि न सुटणाऱ्या प्रश्नांत आहे. तोतया आतां दुसऱ्याचें नांव घेत नाहीं. तो त्याच्यासारखें दिसणारें नवें नांव स्वतःच्या पैशानें विकत घेतो. मराठींत ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यांत जेवढें अंतर, तेवढेंच इंग्रजी ‘एम्’ आणि जोडून लिहिलेले ‘आर्-एन्’ यांच्यांत. अशा नांवाची नोंद खरी, मुद्रा खरी, परीक्षा सर्व उत्तीर्ण. शिवाय पत्त्याच्या आधीं येणारें माणसाचें नांव कोणतीच पद्धति तपासीत नाहीं. तेथें कोणीं काय लिहावें यास आजहि बंधन नाहीं. आणि खिशांतील मोबाइलच्या लहानशा पडद्यावर पुष्कळदां दिसतें तें तेवढेंच नांव. त्यामागचा पत्ता पाहण्यासाठीं नांवावर बोट ठेवावें लागतें.